भागोजीचा थंड ड्रम

पोलादपूरच्या नाक्यावर ड्रायव्हरची पारख करायची एक रीत आहे. आंबेनळी घाट उतरून ओझ्याची गाडी आली आणि गोमाजीच्या चहाच्या टपरीपुढे थांबली, की बाकड्यावरचं कुणीतरी उठतं, मागच्या चाकाशी उकिडवं बसतं आणि रिमच्या आत हात घालून ब्रेकच्या ड्रमवर उलटा पंजा टेकवतं. मग सगळे मिळून मोजतात. पाचाच्या आत हात झटकला, तर समजायचं की गड्याने अख्खा घाट ब्रेकवर पाय दाबून उतरवला, ह्याला गाडी कळत नाही. दहापर्यंत टिकला तर बरा आहे. पंधरा म्हणजे नाव घेण्यासारखा. आणि भागोजीच्या ड्रमवर हात वीसपर्यंत टिकायचा, तोही मागे बंद पडलेली गाडी बांधून आणलेली असताना.

भागोजीचं कामच ते. बंद गाडी लोखंडी दांडीने आपल्या गाडीमागे बांधायची आणि ओढत खाली आणायची. ह्याला टोचन म्हणतात. कापड्याच्या अलीकडच्या वाडीत त्याचं घर, दारात त्याची डिझेल पिकअप, पिकअपच्या मागच्या बाजूला दोरखंडाने आवळलेला ट्रकचा जुना टायर. तीस वर्षं तो हेच करतोय. आधी दुसऱ्याच्या जीपवर, मग स्वतःच्या गाडीवर. घाटातल्या कठड्यांवर ठिकठिकाणी त्याने आपला फोन नंबर रंगवला होता. कशेडी घाटाला बोगदा झाला तशी तिकडची कामं आटली, उरला एक आंबेनळी. पण आंबेनळीत गाडी बंद पडली की भागोजी, ह्यात कुणाला शंका नव्हती.

गाडीला तो जपायचा कसा म्हणाल, तर दर मंगळवारी सकाळी गोणपाट घेऊन गाडीखाली जायचा. गियरपेटीपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणारा तो लांब लोखंडी दांडा, शाफ्ट, त्याच्या दोन्ही टोकांना जे सांधे असतात त्यांना क्रॉस म्हणतात. त्या क्रॉसमध्ये ग्रीस भरायचा, जुनं काळं बाहेर येऊन नवं पिवळं दिसेपर्यंत. गियरपेटीतलं तेल बोटावर घेऊन उन्हात धरायचा, त्यात लोखंडाची चमक दिसते का बघायचा. बनुबाई, त्याची बायको, ओट्यावर तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "माज्या गुडघ्याला कधी तेल लावलंत नाय, आनि त्या गाडीच्या सांध्यांना मलम!" भागोजी गाडीखालूनच हसायचा. तेव्हा त्याला हसू यायचं.

मग दीपेश आला.

दीपेश त्याच वाडीतला, चंद्राबाईचा मुलगा. दहा वर्षं कळंबोलीला राहून कंटेनर ओढले, आणि गेल्या गणपतीला एक पिकअप घेऊन गावी परतला, तीही टोचनसाठी. वय तिशीच्या आसपास. बोलायला गोड. रस्त्यात भेटला की वाकून "काका, कसं काय?" म्हणणार. अशा माणसाचा राग करायचा तरी कसा, हीच पहिली पंचाईत. उद्धट असता तर भागोजीचं काम सोपं झालं असतं.

पहिल्यांदा तो एक बंद जीप ओढून घाट उतरला, तेव्हा टपरीवर भागोजी बसलेलाच होता. गोमाजी स्वतः उठला, हात पुसून ड्रमवर ठेवला. दहा झाले. पंधरा. वीस. भागोजीच्या हातातला चहा तसाच राहिला. पंचवीस, तीस. गोमाजीने काय करावं? चक्क खाली वाकून गाल टेकवला ड्रमला, आणि ओरडला, "अरे, फ्रीजमधनं काढल्यावानी थंड हाय रे!"

सगळे हसले. दीपेश लाजला. म्हणाला, "माझं काय नाय त्यात. एक्झॉस्ट ब्रेक बसवलाय. बटण दाबलं की झालं."

बटण! भागोजीच्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षं त्याने पायाला शिकवलं होतं. कुठल्या वळणाआधी दुसरा गियर, कुठे क्लच सोडून इंजिनालाच गाडी रोखू द्यायची, कुठे श्वास धरायचा. आणि ह्या पोराचं काय, तर बटण. त्यावर कहर म्हणजे पोरगा ते कबूल करतो, आणि तरी लोक त्यालाच वाखाणतात.

"काका, तुमच्या गाडीला पण बसवू," दीपेश म्हणाला. "कळंबोलीला माझा दोस्त हाय. एका दिवसाचं काम."

"माज्या गाडीला पाय हाय," भागोजी म्हणाला. "माजा."

दीपेशला तो विनोद वाटला. तो हसला, आणि भागोजीच्या चहाचेही पैसे देऊन गेला. तो चहा भागोजीने ओतून टाकला.

हळूहळू फोन वळायला लागले. घाटातल्या कठड्यांवर भागोजीच्या नंबरातले आकडे पावसाने खाल्ले होते, आठाचा तीन झाला होता. त्याच्याच शेजारी दीपेशने आपला नंबर पिवळाजर्द रंगवला, लांबून डोळ्यांत भरेल असा. आठवड्याला चार कामं यायची तिथे भागोजीला एक यायला लागलं. पण पोट भरत होतं. मुलगा रितेश मुंबईहून पैसे धाडत होता. दुखत होतं ते निराळंच. टपरीवर आता कुणी त्याच्या ड्रमला हात लावायला उठत नसे. तो यायचा, गाडी लावायचा, मुद्दाम चाक बाकड्याकडे करायचा. कुणी हलत नसे.

आणि घरातून घाव बसला तो वेगळाच. बनुबाईचा गुडघा दुखत होता, महाडला डॉक्टरकडे जायचं होतं. भागोजी त्या दिवशी कामावर. ती दीपेशच्या गाडीतून गेली आणि संध्याकाळी उजळल्या तोंडाने परत आली.

"अवो, काय ती गाडी! आपल्या वाडीचा उतार कधी आला नि कधी गेला, कळलाच नाय. पोटातलं पानी हललं नाय माज्या."

"मग जा. त्याच्याच गाडीत बिछाना टाक नि ऱ्हा."

"अगो बाई," बनुबाई म्हणाली, आणि एकटक त्याच्याकडे बघत राहिली. "तुमाला काय झालं?"

"कालवण खारट झालंय," भागोजी म्हणाला, आणि ताटावरून उठला. कालवण खारट नव्हतं.

त्या शनिवारी दुपारी दीपेशची पिकअप वाडीच्या देवळाच्या सावलीत उभी होती आणि आसपास कुणी नव्हतं. भागोजीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि साठीच्या घरातला तो माणूस चोरासारखा सरपटत तिच्याखाली गेला. त्याला ते बटणाचं काय गौडबंगाल आहे ते बघायचंच होतं. पाहिलं. सायलेन्सरच्या पाइपात एक लोखंडी पडदा. पाय उचलला की तो पडदा मिटतो, इंजिनाचा धूर आतच कोंडतो, आणि कोंडलेलं इंजिन गाडीला मागे खेचून धरतं. एवढंच. साधी गोष्ट. आणि चांगली गोष्ट, हे त्याला कळलं, आणि कळलं म्हणून आणखीच जळलं.

मग त्याची नजर शाफ्टवर गेली. मागच्या क्रॉसवर ग्रीस नव्हतं. लाल धुळीचं कोरडं पूट बसलं होतं. भागोजीने बोट फिरवलं, बोटाला गंजाची भुकटी लागली. हे बेणं नव्या पडद्यावर जीव टाकून बसलं होतं, आणि ज्या सांध्यावर सगळा भार येतो त्याला ह्याने चार महिन्यांत हात लावला नव्हता! इतकं बरं भागोजीला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"काका? काय हरवलं का?"

दीपेशचे पाय. भागोजी बाहेर आला तो नाकाला काजळी लावून.

"नाणं पडलं," तो म्हणाला.

"थांबा, मी शोधतो ना," म्हणत दीपेश खरंच वाकला. भागोजी "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे" करत घरी पळाला.

आता नाक्यावरची दुसरी रीत सांगतो, ती पहिलीहून जुनी. दुसऱ्याच्या गाडीत खोट दिसली किंवा वाईट आवाज ऐकू आला, तर ती गाडी घाटात शिरायच्या आधी सांगायचं. भांडण असो, बोलणं बंद असो, सांगायचंच. हे भागोजीनेच पाळून दाखवलेलं. चांगू म्हणून एक ट्रकवाला होता, त्याच्याशी भागोजी सात वर्षं बोलत नव्हता. पण एकदा त्याच्या चाकाचा आवाज ऐकून भागोजी रस्त्यात आडवा उभा राहिला, "तुजं बेअरिंग गेलंय" एवढं सांगितलं, आणि पुढे पुन्हा दोन वर्षं बोलला नाही. लोक ही गोष्ट अजून सांगतात. भागोजीचा कान म्हणजे कान, असं म्हणतात.

शनिवारी त्याने दीपेशला सांगितलं नाही. स्वतःशी म्हणाला, घाटात शिरला कुठे अजून? देवळापाशीच तर उभी आहे गाडी.

रविवार उजाडला. जानेवारीचे दिवस, महाबळेश्वरची गर्दी. साडेनऊला टपरीवर भागोजी आणि दीपेश दोघंच होते, गोमाजी मागे भांडी घासत होता. फोन वाजला. भागोजीचा हात खिशाकडे गेला. पण फोन दीपेशचा होता.

घाटात वरच्या अंगाला एक मिनीबस बंद पडली होती. अक्षय नावाचा ड्रायव्हर साताऱ्याकडचा, माणसं त्याने दुसऱ्या गाडीने लावून दिली होती, आता बस पोलादपूरला गॅरेजपर्यंत आणून द्यायची होती. "हां भाई, निघालोच," दीपेश म्हणाला. गाडीत बसला, गियर टाकला.

टक.

भागोजीने तो ऐकला. छातीत वाजल्यासारखा ऐकला. दीपेशनेही ऐकला असावा, कारण त्याने गाडी बंद केली आणि खाली उतरला.

"काका, एक मिनिट. दोन दिवस झाले, गियर टाकला की कायतरी टक करतंय. मला समजत नाय. तुमचा कान मोठा. बघा ना जरा."

भागोजी उठला. गाडीखाली वाकला. शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळला. मागचा क्रॉस सैल दातासारखा हलला. बोटांवर पुन्हा तीच लाल भुकटी. दोन शब्दांचं काम होतं, क्रॉस गेलाय. दीपेशने ऐकलं असतं, किल्ली बाजूला ठेवली असती, आणि म्हणाला असता, मग काका तुम्हीच जा.

पण तेवढ्यात भागोजीच्या डोक्यात एक चित्र उभं राहिलं, आणि ते इतकं गोड होतं की त्याला ते सोडवेना. हा क्रॉस चढ काढणार नाही. घाटाच्या चौथ्या-पाचव्या वळणावर चढताना तुटेल, गाडी जागच्या जागी उभी राहील, ब्रेक आहेतच, कुणाला काही होणार नाही. मग फोन करायला माणूस कोण? भागोजी. आणि भागोजी त्या थंड ड्रमवाल्याला दांडीने बांधून, भर रविवारी, नाक्यावरून मिरवत आणील. बघू दे सगळ्यांना. बनुबाईलाही कळू दे.

त्याने पँटीला हात पुसला.

"काय नाय," तो म्हणाला. "थंडीत असतं असं. जा."

"नक्की ना?"

"म्हटलं ना, जा."

"थँक्यू काका," दीपेश म्हणाला, आणि गेला.

भागोजीने दुसरा चहा मागवला. मनातल्या मनात तो दीपेशबरोबर घाट चढत होता. आता कापडे गेलं. आता चढ लागला. आता पहिलं वळण, गियर बदलला असेल, टक. आता तुटेल. त्याने फोन बाकड्यावर समोर ठेवला. फोन वाजला नाही. पाऊण तास झाला. भागोजीला राग यायला लागला, त्या मेल्या क्रॉसचा सुद्धा.

सव्वादहा वाजून गेल्यावर एसटी घाट उतरून आली. ड्रायव्हर चहाला उतरला आणि सहज म्हणाला, "तुमचा दीपेश पोचला हो वर. मिनीबस बांधत होता. निघालाच असेल आता खाली."

भागोजी ग्लास बाकड्यावर ठेवून ताडकन उठला.

क्रॉसने चढ काढला होता. आता तो उतरणार. मागे बसचं वजन घेऊन उतरणार, आणि प्रत्येक उतारावर ते बटण दाबणार. कोंडलेलं इंजिन मागे खेचणार, दोन गाड्यांचं वजन पुढे रेटणार, आणि त्या दोघांच्या मध्ये काय, तर गंजलेला तो एक सांधा. तो तुटला की गियरही गेला आणि बटणही गेलं. बटणाची सगळी करामत त्या शाफ्टमधूनच चाकांपर्यंत पोचते. हे भागोजीला सकाळी सुचायला हवं होतं. पण त्याने कधी बटणावर घाट उतरवलाच नव्हता, आणि सकाळी तो गाडीचा विचार करतच नव्हता, स्वतःच्या मिरवणुकीचा करत होता.

त्याने फोन लावला. घाटात रेंज नव्हती. पुन्हा लावला. नाही.

"कुठं निघालास रे? तुला फोन आला?" गोमाजीने विचारलं.

"हां, आला," म्हणत भागोजीने गाडी काढली.

कापडे कधी मागे पडलं ते त्याला कळलं नाही. देवाचं नाव घ्यायलाही त्याला लाज वाटत होती, तोंड कुठलं घेऊन घेणार? एवढंच म्हणत होता, टिक रे, अजून थोडा टिक. क्रॉसला म्हणत होता. घाटाची तीन वळणं चढून गेला आणि वरून हॉर्न ऐकू आला. थांबून थांबून वाजवतात तसा नव्हे, दाबून धरलेला, न तुटता.

वळणावर जरा रुंद जागा होती, तिथे त्याने एका दमात गाडी फिरवली, तोंड उताराकडे केलं, आणि आरशात बघत हळूहळू सुटू दिली. वरच्या वळणावरून दीपेशची पिकअप आली. पोटाखाली शाफ्ट लोंबकळत रस्त्यावर आपटत होता, ठिणग्या उडत होत्या. तुटता तुटता त्या शाफ्टने मागच्या ब्रेकचा पाइपही तोडून नेला होता. मागे बस. बसचं इंजिन बंद, त्यामुळे तिचाही ब्रेक दगडासारखा, अक्षय दोन्ही पायांनी उभा होता त्याच्यावर. दीपेशचा चेहरा काचेतून पांढराफटक दिसला.

भागोजीने खिडकीतून हात काढून मागे खूण केली, ये, माझ्यावर ये. वेग थोडा वाढवला, म्हणजे धक्का कमी बसेल. मग टायर लागला. तो जुना ट्रकचा टायर, ज्याला बनुबाई गाडीची शेपटी म्हणायची, तो दोन गाड्यांच्या मध्ये चेपला, आणि सगळं ओझं भागोजीच्या पाठीवर आलं.

दुसरा गियर. इंजिन किंचाळलं. इंजिन एकट्याने धरेना, तेव्हा भागोजीने आयुष्यात पहिल्यांदा घाटात ब्रेक दाबूनच ठेवला. जळक्या लायनिंगचा धूर खिडकीतून आत आला. उजवीकडे दरी, डावीकडे डोंगर. पुढचं वळण दिसत होतं आणि त्याच्या अलीकडे डोंगराच्या अंगाने पाण्याचं गटार. त्याने गाडी डावीकडे घातली. चाक गटारात गेलं, दरवाजा दरडीला घासत गेला, खरडत गेला, आणखी खरडला. तिन्ही गाड्या थांबल्या.

मग अक्षय बसमधून उतरून रस्त्यावरच फतकल मारून बसला आणि रडायला लागला.

दीपेश उतरला. आधी भागोजीकडे आला नाही. आपल्या गाडीखाली गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर तुटलेल्या क्रॉसचा तुकडा होता, आणि त्यात भरलेली लाल भुकटी. त्याने बोट फिरवून पाहिलं. भागोजी गाडीला टेकून उभा होता. ह्या भुकटीचा अर्थ काय, आणि हिला हात लावलेल्या माणसाला काय कळलं असणार, हे न समजायला दीपेश काही दुधखुळा नव्हता. त्याने मान वर करून भागोजीकडे पाहिलं. भागोजीला वाटलं, आता शिवी देईल, नाही तर हात उगारेल. त्याने अंग चोरलं नाही.

दीपेशने तो तुकडा खिशात टाकला. "काका, लागलं काय तुम्हाला?" एवढंच विचारलं.

बस तिथेच दगड लावून ठेवली, तिघांनी रेटून भागोजीच्या गाडीचं चाक गटारातून काढलं. आणि भागोजीने दीपेशची पिकअप दांडीने आपल्या गाडीमागे बांधली, इंजिनाच्या राहिलेल्या दमावर पावला-पावलाने उतरवली, आणि भर रविवारी पोलादपूरच्या नाक्यावर आणली. अगदी सकाळी डोळ्यांपुढे आली होती तशी. त्याला मान वर करवत नव्हती.

अक्षयने वाटेतूनच फोन केले होते, त्यामुळे टपरीवर जत्रा जमली होती. बनुबाईही आली होती. गोमाजी सवयीने भागोजीच्या चाकाशी बसला, हात टेकवला आणि "आई गं!" म्हणून बोटं तोंडात घातली. एकसुद्धा मोजता आला नाही. "भागोजीचा ड्रम तापला!" तो ओरडला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"पन फोन आला म्हनालास, तो कुनाचा रे?" गोमाजीने विचारलं. "तुला कसं कळलं?"

भागोजीने तोंड उघडलं, पण आधी दीपेश बोलला.

"काकांनी सकाळीच सांगितलेलं मला. क्रॉस सुकलाय, वर जाऊ नको म्हणून. मीच ऐकलं नाय. घाई होती ना, फोन आलेला."

झालं! लोकांनी भागोजीला उचलायचंच बाकी ठेवलं. कान म्हणजे कान, म्हणाले. बटणं येतील नि जातील, म्हणाले. बनुबाईने पदर डोळ्यांना लावला. चार महिने भागोजी ज्याच्यासाठी जळत होता ते सगळंच्या सगळं एका क्षणात त्याच्या पदरात पडलं, आणि दिलं कुणी, तर दीपेशने. भागोजीने त्याच्याकडे बघितलं. दीपेश खाली मान घालून चहा ढवळत होता.

आणि त्याही क्षणी, खरं सांगतो, भागोजीला त्याचा हेवाच वाटला. गाडी गेली, बटण गेलं, तरी हे पोरगं पुढेच. एवढं मोठं मन ह्याला मिळालं कुठून? ते काही कळंबोलीला बसवून मिळत नाही. ह्या जन्मात आपल्याला ते जमणार नाही असं भागोजीला वाटलं, आणि तो उभा राहिला.

"नाय," तो म्हणाला. "मी नाय सांगितलं. ह्यानं मला इचारलं होतं. मी हातात धरून बघितला तो क्रॉस. गेलेला होता. आनि मी म्हनलं, काय नाय, जा."

मग गोमाजी हसला आणि त्याने भागोजीच्या पाठीवर थाप मारली.

"बघा रे बघा! पोराची चूक आपल्या अंगावर घेतोय. ह्याला म्हनतात मानूस. बस, बस, चहा घे."

"अरे, मी खरं सांगतोय!"

"हां हां, बस."

कुणी मानायलाच तयार नव्हतं. चांगूला आडवा जाणारा भागोजी आवाज गिळेल, हे नाक्याच्या डोक्यात शिरण्यासारखंच नव्हतं. फक्त बनुबाईने पदर खाली घेतला. खारट कालवण तिला आठवलं असावं. घरी गेल्यावर भाकरीचं ताट पुढे सारताना तिचा हात जरा जोरात आपटला.

मंगळवारी भागोजी गोणपाट आणि ग्रीसची पिचकारी घेऊन दीपेशच्या दारात गेला. महाडहून नवे क्रॉस आणले होते. दोघांनी मिळून ते बसवले. दीपेशने रविवारची गोष्ट काढली नाही, भागोजीनेही काढली नाही. फक्त काम संपल्यावर दीपेश म्हणाला, "काका, दुसऱ्यांदा इचारीन तेव्हा सांगाल ना?"

"सांगेन," भागोजी म्हणाला.

तेव्हापासून दीपेश रोज सकाळी घाटाकडे निघताना टपरीपुढे थांबतो. गियर टाकतो, काढतो, पुन्हा टाकतो, आणि काच खाली करून भागोजीकडे बघतो. भागोजी कान देतो. त्याला सगळं ऐकू येतं, सेंटर बेअरिंगची कुरकुर, क्लचचा चिकटपणा, सगळं. पण आधी पोटात जळतं, अजून जळतं, रोज. दीपेशला ते दिसतं. तो इंजिन चालू ठेवून थांबतो, मनात मोजत असल्यासारखा, एक, दोन, तीन. कधी पाचापर्यंत, कधी दहापर्यंत. मग भागोजी तोंड उघडतो आणि ऐकलेलं सांगतो.